एक्सेकियासच्या प्याल्याचे सांधे: हरवलेला भाग रंगवावा की कोरा ठेवावा?

इसारकाठ

नमस्कार. मी गेली काही वर्षे म्युनिकमध्ये राहते. क्योनिग्सप्लाट्झ या चौकातील प्राचीन कलावस्तूंच्या संग्रहालयात मी वरचेवर जाते आणि दर खेपेस माझा सर्वांत जास्त वेळ एकाच काचपेटीपाशी जातो. तिच्यात अथेन्सचा कुंभार एक्सेकियास याने इसवी सनापूर्वी ५३० च्या सुमारास घडवलेला मद्याचा प्याला आहे. उथळ पसरट वाडगा, दोन बाजूंना आडवे कान आणि खाली बुटका पाय, अशा घडणीच्या प्याल्याला कायलिक्स म्हणतात. याचा व्यास ३०.५ सेंटीमीटर आहे, म्हणजे जेवणाच्या मोठ्या ताटाएवढा, आणि उंची १३.६ सेंटीमीटर आहे.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन करते. प्याल्याच्या आतल्या बाजूस पोवळ्यासारख्या तांबूस जमिनीवर एक होडी चालली आहे आणि तिच्यात डायोनिसस हा मद्याचा देव एकटाच रेलून बसला आहे. डोलकाठीला द्राक्षवेल फुटला असून त्याला सात घोस लागले आहेत आणि होडीभोवती सात डॉल्फिन पोहत आहेत. चाच्यांनी या देवाला पळवून नेले, तेव्हा त्याने जहाजावर वेल उगवला आणि भयाने समुद्रात उड्या टाकणाऱ्या चाच्यांचे डॉल्फिन झाले, अशी ती कथा आहे. बाहेरच्या अंगाला दोन्ही बाजूंनी मोठे डोळे रंगवलेले आहेत, त्यामुळे पिणाऱ्याने प्याला तोंडाला लावला की समोरच्याला त्याच्या चेहऱ्याच्या जागी मुखवटा दिसत असणार.

गेल्या आठवड्यात माझ्या अकरा वर्षांच्या मुलाने काचेला नाक लावून पाहिले आणि विचारले, "आई, हा फुटला होता का?" मी इतक्या वेळा येऊनही त्या केसासारख्या सांध्यांकडे कधी नीट पाहिले नव्हते. त्यानंतर आम्ही दालनातील इतर प्यालेही त्याच दृष्टीने पाहिले. काही ठिकाणी हरवलेल्या जागी साधा विटकरी रंग भरला आहे, काही ठिकाणी काठावरची नक्षी पुढे चालवली आहे, तर काही ठिकाणी भोक तसेच ठेवले आहे. हे कोण ठरवते आणि कशाच्या आधारावर? आणि हे प्याले फुटले तरी केव्हा? मुलाला सांगण्याजोगे उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून येथे विचारते आहे.

खापरखूण

इसारकाठ ताई, आपल्या मुलाने नेमका प्रश्न विचारला आहे. मी पुरावस्तूंच्या संवर्धनाचे काम करते. सध्या माझ्या हाताखालून मुख्यतः महाराष्ट्रातील उत्खननांतली सातवाहन काळातील खापरे जातात, परंतु प्रशिक्षणाची दोन वर्षे युरोपात गेली आणि तेथे ग्रीक भांड्यांवर काम करायला मिळाले. त्या अनुभवावरून लिहिते.

प्रथम फुटण्याविषयी. हे प्याले अथेन्समध्ये घडले तरी त्यांतले उत्तम नमुने बहुतेक इटलीत सापडले, कारण मध्य इटलीत राहणारे प्राचीन एट्रुस्कन लोक ते हौसेने विकत घेत आणि आपल्या मृतांबरोबर थडग्यात ठेवत. एक्सेकियासचा हा प्याला वुल्ची या त्यांच्या जुन्या नगराचा. तेथे १८२८ मध्ये नांगरट चालू असताना बैलांच्या पायाखालची जमीन खचली आणि खाली थडगे निघाले, असे सांगतात. ती जमीन नेपोलियनचा भाऊ लुसियँ बोनापार्ट याच्या जहागिरीतील होती आणि लगेचच त्याने मोठ्या प्रमाणावर खोदकाम सुरू केले. लुसियँ १८४० मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी बव्हेरियाचा राजा लुडविग पहिला याने त्याच्या संग्रहातून हा प्याला घेतला. थडग्याचे छत कोसळणे, मातीचा दाब, पाण्याबरोबर आलेले क्षार, जुने थडगेचोर आणि शेवटी कुदळ, या सगळ्यांतून जे वाचले ते तुकड्यांच्या रूपात वाचले. जॉर्ज डेनिस नावाच्या इंग्रज प्रवाशाने वुल्चीला मजूर चित्र नसलेली साधी भांडी मुकादमाच्या हुकमाने पायाखाली चिरडताना पाहिले होते. हे वाचल्यावर मला अनेक दिवस अस्वस्थ वाटत होते, कारण त्या साध्या भांड्यांनीच थडग्यांचा काळ आणि क्रम अधिक अचूक सांगितला असता.

तुकडे बाजारात आले तेव्हा गिऱ्हाइकाला अखंड भांडे हवे होते आणि दुरुस्ती करणाऱ्यांनी ती मागणी पुरवली. या कलेत नेपल्सचा दबदबा होता आणि राफाएले गार्जुलो हा तेथील अत्यंत निष्णात कारागीर होता. तुकडे सरसाने किंवा चपड्याने जोडत, हरवलेल्या जागी प्लास्टर घालत, त्यावर रंग चढवत, आणि सांधा दिसू नये म्हणून तो रंग दोन्ही बाजूंच्या मूळ चित्रावरही ओढून घेत. दोन तुकडे नीट बसत नसतील तर कानशीने त्यांच्या कडा घासून ते बसवत. हे शेवटचे नुकसान कधीच भरून येत नाही, कारण तुटीची कड हाच तुकड्याचा पत्ता असतो आणि ती घासली की त्याचा शेजारी ओळखण्याचा मार्ग बंद होतो.

म्हणून आज कोणताही जुना प्याला संवर्धनासाठी टेबलावर आला की पहिले काही दिवस त्याला नुसते पाहायचे असते. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा लावला की चपडा नारिंगी चमकतो. हा चपडा लाखेचा आणि लाख बहुतांशी भारतातून जात असे. त्यामुळे युरोपातल्या त्या अंधाऱ्या खोलीत प्याल्याच्या अंगावर नारिंगी रेषांचे जाळे उजळले तेव्हा मला आपल्याकडच्या सुतारांचे पॉलिशचे डबे आठवले. क्ष-किरणांत आतल्या खिळ्या आणि तारा दिसतात. मग जुने जोड सोडवायचे. चपड्यासाठी स्पिरिट, सरसासाठी गरम पाण्याची वाफ, रंगासाठी अ‍ॅसिटोनचा बोळा, आणि तो बोळा प्रत्येक वेळी नखाएवढ्याच जागेवर फिरवायचा. मूळचा काळा लेप भाजलेला असल्याने अ‍ॅसिटोनने त्याला काहीही होत नाही, वरचा रंग मात्र बोळ्यावर उतरतो. एका अभ्याससंग्रहातील प्याल्यावर मी असा बोळा फिरवत होते. बाहेरच्या अंगाला एका नाचणाऱ्या माणसाचा पाय घोट्याशीच संपत होता आणि खाली सपाट काळा रंग होता. तो रंग उतरत गेला तसे खालून प्लास्टर निघाले आणि प्लास्टरच्या कडेखाली दडलेली मूळची तीन बोटे दिसली. कोण्या कारागिराने भर घालताना ती अजाणता झाकली होती. इतक्या वर्षांत ती बोटे कोणी पाहिली नव्हती.

जोडण्याच्या कामाची रीत अशी. सर्व तुकडे आधी डिंक न लावता, कागदी चिकटपट्टीने बांधून संपूर्ण प्याला एकदा उभा करायचा आणि कोणता तुकडा कोणत्या क्रमाने जाणार हे लिहून ठेवायचे. माझ्या हातून या बाबतीत एक चूक झाली, ती सांगते, कारण तिच्यातून हे काम नीट कळते. मी पायाकडून काठाकडे जोडत गेले, ते बरोबरच होते, परंतु एका सांध्यात डिंक किंचित जाड राहिला. किती जाड, तर कागदाच्या एका पानाएवढा. पुढे प्रत्येक तुकड्याबरोबर तो फरक वाढत गेला आणि काठापाशी शेवटचा पाचरीच्या आकाराचा तुकडा आत जाईना. त्याची जागा त्याच्यापेक्षा अरुंद झाली होती. माझ्या शिक्षिकेने काहीही न बोलता अ‍ॅसिटोनची बाटली पुढे ठेवली आणि मी आठ दिवसांचे काम सोडवून पुन्हा पहिल्यापासून सुरू केले.

ते सोडवता आले याचे कारण डिंकच तसा निवडलेला असतो. पॅरालॉइड बी-७२ ही पारदर्शक अ‍ॅक्रिलिक राळ आहे आणि ती अनेक वर्षांनीही अ‍ॅसिटोनमध्ये विरघळते. इपॉक्सी तिच्यापेक्षा घट्ट धरते, परंतु उद्या कोणाला जोड सोडवायचा असेल तर मातीच फुटण्याचा धोका असतो. पॅरालॉइड बी-७२ सुमारे ४० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते, त्यामुळे विदर्भातल्या मे महिन्यात, वातानुकूलन नसलेल्या कोठारात तिच्यावर एकटीवर भिस्त ठेवता येत नाही आणि आम्ही तिच्यात बी-४४ मिसळतो, जी ६० अंशांपर्यंत टिकून राहते. म्युनिकमध्ये ही अडचण येत नाही.

आता आपला मूळ प्रश्न. आपण पाहिलेल्या तिन्ही तऱ्हांमागे एकच विचार आहे: जेवढे निश्चित माहीत आहे तेवढेच भरायचे. भोक लहान आहे, प्याल्याला त्यापासून धोका नाही आणि तेथे काय होते हे माहीत नाही, अशा वेळी ते तसेच ठेवतात. काठाचा किंवा वाडग्याचा मोठा भाग गेला असेल आणि भर न घातल्यास प्याला स्वतःचे वजन पेलणार नसेल, तर रंग मिसळलेले प्लास्टर भरतात, ते मूळ पृष्ठभागापेक्षा किंचित खाली ठेवतात आणि मातीच्या रंगापेक्षा थोडा फिका, सपाट रंग देतात. काठावरची नक्षी ठरावीक अंतराने तशीच येत असेल आणि तिची दोन्ही टोके शिल्लक असतील, तर मधले दोन नमुने पूर्ण करण्यात कल्पनाशक्तीला वाव नसतो, म्हणून ते करतात. चेहरा, हात, हातातली वस्तू मात्र कधीही काढायची नाही. रोममध्ये १९३९ साली स्थापन झालेल्या संवर्धनसंस्थेचे पहिले संचालक चेझारे ब्रांडी यांनी हा विचार नीट मांडला: दुरुस्तीने चित्राची एकसंधता परत यावी, परंतु जवळ जाणाऱ्याला मूळ आणि भर यांतला फरक ओळखता यावा. आमच्या कामात याचे एक व्यावहारिक माप आहे. सहा फुटांवरून भर डोळ्यांना खटकू नये आणि सहा इंचांवरून ती लपू नये. आपल्या मुलाने काचेला नाक लावले आणि त्याला सांधा दिसला, म्हणजे काम चोख झाले आहे.

आवा

खापरखूण यांनी "मूळचा काळा लेप भाजलेला असल्याने त्याला काहीही होत नाही" असे ओघात म्हटले आहे. मी रसायनशास्त्राचा निवृत्त शिक्षक आहे आणि माझ्या आजोबांपर्यंत आमच्या घरी कुंभारकाम चालत होते, त्यामुळे या एका वाक्यात किती मोठी गोष्ट सामावली आहे ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

या प्याल्यांवरचा काळा भाग रंग नाही आणि काचेची झिलईही नाही. प्याला ज्या मातीचा, तिचाच अतिशय बारीक गाळ पाण्यात निवळून घेत आणि तो कुंचल्याने लावत. लावताना तो मातीपेक्षा जेमतेम वेगळा दिसत असे, म्हणजे चित्रकार जवळजवळ तांबड्यावर तांबडे काढत होता आणि काळे काय होणार हे त्याला मनात धरावे लागत होते. पुढचे सर्व काम आव्यात होत असे. प्रथम हवा खेळती ठेवून आच सुमारे ८०० अंशांपर्यंत नेत आणि सर्व काही तांबडे होई. मग झरोके बंद करून ओली लाकडे घालत आणि आच सुमारे ९५० अंशांपर्यंत चढवत. आत प्राणवायू उरत नसल्याने मातीतल्या लोहाचे तांबडे ऑक्साइड काळ्या ऑक्साइडमध्ये बदले आणि संपूर्ण प्याला काळा पडे. याच आचेत बारीक गाळाचा लेप वितळल्यासारखा होऊन त्याची रंध्रे मिटत. शेवटी झरोके उघडले की हवा आत शिरे. जाड्या मातीची रंध्रे उघडी असल्याने ती पुन्हा तांबडी होई, परंतु मिटलेल्या लेपात हवेला शिरकाव नसल्याने तो काळाच राही. एकच माती, एकच आवा, आणि दोन रंग. ही रीत पुढे विसरली गेली आणि जर्मनीतील टेओडोर शूमान यांनी १९४२ मध्ये तिचे गमक पुन्हा उलगडून दाखवले.

आपल्याकडचे कुंभारही काळी मडकी करण्यासाठी आवा कोंडतात, पण तेथे काळेपणा मुख्यतः धुराच्या काजळीचा असतो आणि मडके पुन्हा मोकळ्या आचेत घातले की तो जळून जातो. आजोबा फसलेले काळे मडके पुन्हा आव्यात घालून तांबडे करीत, हे मी लहानपणी पाहिले आहे. अथेन्सचा काळा मात्र लोहाचा आहे.

याचा दुरुस्तीशी संबंध असा, की तुटलेल्या जागी मूळ पद्धतीने काळा लेप कधीच देता येत नाही. त्यासाठी प्याला पुन्हा आव्यात घालावा लागेल आणि त्यात तो नष्ट होईल. म्हणजे भर नेहमीच परक्या पदार्थाची असणार, न भाजलेल्या रंगाची असणार, आणि दिव्याचा प्रकार बदलला की दोन काळ्यांतला फरक उघडा पडणार. पांढरा आणि जांभळा हे जादा रंग काळ्या लेपाच्या वर देत आणि ते त्याच्याइतके घट्ट धरत नाहीत. पूर्वी चुनखडीचे थर काढण्यासाठी भांडी आम्लात बुडवत, तेव्हा बरेचसे पांढरे काम वाहून गेले. एक्सेकियासच्या होडीचे शीड मुळात पांढरे होते, हे पाहताना लक्षात ठेवावे.

रंगरेषा

सर्वांचे लेखन आदराने वाचले, तरीही मला एक वेगळे मत मांडायचे आहे. मी चित्रकला शिकवतो. माझ्या दृष्टीने चित्र म्हणजे रेषेची लय. डायोनिससच्या होडीचा बाक, वेलीचा विस्तार आणि डॉल्फिनांचे फिरणे हे सगळे एका श्वासात पाहण्यासाठी काढलेले आहे. त्या लयीत मध्येच विटकरी ठिगळ आले की डोळा तेथेच अडकतो आणि प्रेक्षक चित्राऐवजी ठिगळ पाहून घरी जातो. संवर्धक प्रामाणिक राहतो खरा, परंतु त्या प्रामाणिकपणाची किंमत चित्रकार मोजतो. आपण खंडित मूर्ती देवघरात ठेवत नाही, तिचे विसर्जन करतो. त्यामागे श्रद्धा आहे तशी अखंड रूपाची ओढही आहे, आणि ती मला चुकीची वाटत नाही.

फ्लॉरेन्सच्या संग्रहालयातील फ्रांस्वा पात्र या मोठ्या ग्रीक भांड्याचेच पाहा. १९०० मध्ये संग्रहालयाच्या एका पहारेकऱ्याने रागाच्या भरात त्यावर स्टूल फेकले आणि त्याचे ६३८ तुकडे झाले. ते जोडून पुन्हा उभे केले नसते, तर क्लाइटियासने त्यावर रंगवलेल्या कथांचा पट आज कोणाला वाचता आला असता? एखाद्या समर्थ चित्रकाराने मूळ शैली वर्षानुवर्षे अभ्यासून हरवलेला हात पूर्ण केला आणि तशी नोंद बाजूच्या फलकावर ठेवली, तर काय बिघडते?

खापरखूण

रंगरेषा सर, आपला आक्षेप मी मनापासून मान्य करते, इतका की आमच्या क्षेत्रात गेली दोनशे वर्षे हाच वाद चालू आहे. परंतु फ्रांस्वा पात्राचे उदाहरण माझ्या बाजूने जाते असे मला वाटते. ते फुटले त्याआधी अर्धे शतक ते उभे होते आणि त्याची रेखाटने छापली गेली होती. गर्दीत एक तुकडा कोणी तरी उचलून नेला, तो काही वर्षांनी परत आला, पण मधल्या काळातही तेथे काय होते याबद्दल शंका नव्हती. तेथे जोडणारा आठवणीतून काम करत होता. एक्सेकियासच्या हरवलेल्या रेषेबद्दल अशी आठवण कोणाकडेच नाही.

फलकावरच्या नोंदीविषयी. वस्तू आणि फलक यांची ताटातूट लवकर होते. छायाचित्र पुस्तकात जाते, पुस्तकातून वर्गात जाते, आणि तीस वर्षांनी आपलेच विद्यार्थी समर्थ चित्रकाराने काढलेला तो हात अथेन्सच्या शैलीचा नमुना म्हणून गिरवतात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण इसारकाठ ताईंच्या त्याच चौकात, समोरच्या ग्लिप्टोथेक या प्राचीन शिल्पांच्या संग्रहालयात आहे. ग्रीसमधील एजिना बेटावरील आफाइया देवीच्या मंदिराची शिल्पे १८११ मध्ये सापडली, पुढच्या वर्षी ती युवराज लुडविगने विकत घेतली आणि थोरवाल्डसेन या त्या काळच्या अग्रगण्य शिल्पकाराने त्यांना नवे हात, पाय, डोकी बसवली. समर्थ कलावंत, मूळ शैलीचा अभ्यास, उत्तम संगमरवर, सगळे काही होते. तरीही पुढच्या संशोधनात अनेक योद्ध्यांची जागा आणि पवित्रा वेगळा असल्याचे निघाले आणि १९६० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ डीटर ओली यांनी थोरवाल्डसेनचे भाग उतरवले. आता मी स्वतःच्या विरुद्ध बोलते: ते उतरवल्याने एकोणिसाव्या शतकातील एक महत्त्वाची कलाकृती मोडली, अशी टीका झाली आणि तिच्यात तथ्य आहे. त्यामुळे आजकाल जुनी दुरुस्ती सरसकट काढत नाहीत. बर्लिनच्या संग्रहातील दक्षिण इटलीच्या मोठ्या भांड्यांवर अमेरिकेतील गेटी संग्रहालयाच्या संवर्धकांनी काही वर्षे काम केले, ती भांडी २०१४ मध्ये तेथे मांडली, आणि जेथे जुनी डागडुजी स्वतःच अभ्यासण्याजोगी होती तेथे ती नोंद करून राखली.

देवघराविषयी एकच सांगते. पूजेच्या मूर्तीत देव असावा लागतो, म्हणून ती अखंड हवी. या प्याल्याकडे मी एक साक्षीदार म्हणून पाहते, आणि जे त्याला आठवत नाही ते मी त्याच्या तोंडी घालू शकत नाही.

नेकारकाठ

मी श्टुटगार्टला असतो, म्हणून एक भर घालतो. प्याले फक्त थडग्यात किंवा खोदकामात फुटले असे नाही. ते वापरातही फुटत आणि त्या काळचे लोकही ते दुरुस्त करीत. तुटीच्या दोन्ही अंगांना बारीक भोके पाडून त्यांतून शिशाची किंवा काशाची खीळ अडकवत. आपल्याकडे पूर्वी फुटलेल्या बरण्या तारेने शिवत, तसाच हा प्रकार. कित्येकदा ही भोके चित्रातल्या माणसाच्या अंगातूनच आरपार गेलेली दिसतात.

आमच्या शहराच्या उत्तरेला आस्पेर्ग गावाजवळ क्लाइनआस्पेर्ग्ले नावाचा थडग्याचा टेकाड आहे. तेथे १८७९ मध्ये एका केल्टिक थडग्यात अथेन्सचे दोन प्याले सापडले, ते इसवी सनापूर्वी ४५० च्या सुमाराचे आहेत. एक नुसता काळा आहे आणि दुसऱ्याच्या आत वेदीपाशी मशाल घेतलेली स्त्री आहे. आल्प्स ओलांडून इतक्या दूर आलेल्या या प्याल्यांवर केल्टिक सोनाराने सोन्याच्या पातळ पत्र्याची पानांसारखी नक्षी बसवली, आणि तिने दुरुस्तीच्या जागा झाकल्या गेल्या आहेत. सोन्याची ती पाने ग्रीक चित्राशी मुळीच जुळत नाहीत. हे प्याले आमच्या शहरातील जुन्या राजवाड्यातल्या संग्रहालयात आहेत. खापरखूण ताईंना माझा प्रश्न असा: ही भर मूळ वस्तूला धरून नाही, मग ती काढावी असे कोणी म्हणते का?

खापरखूण

असे म्हणणारा एकही संवर्धक मला भेटलेला नाही. त्या सोन्यामुळेच तो प्याला कोणाच्या हातात होता आणि त्याला तो किती मोलाचा वाटत होता हे कळते. शिशाच्या खिळीही आम्ही काढत नाही. त्या गंजून माती फोडू लागल्या तरच हात लावतो, आणि तेव्हाही त्या जपून ठेवतो.

तुकड्यांविषयी आणखी एक गोष्ट येथेच सांगते, कारण "जोडणे नेहमी चांगलेच" असा समज होऊ नये. युफ्रोनिओसने घडवलेला आणि ओनेसिमॉसने ट्रॉयच्या पाडावाची दृश्ये रंगवलेला एक भव्य प्याला गेटी संग्रहालयाने १९८३ पासून तुकड्यातुकड्यांनी विकत घेतला. प्रत्येक नवा तुकडा जुन्याशी जुळत गेला आणि चित्र भरत गेले. परंतु एकाच प्याल्याचे तुकडे वर्षांच्या अंतराने बाजारात येत राहिले, याचा अर्थ ते कोणाजवळ तरी पडून होते. पायाखाली हर्क्ले या देवाला तो वाहिल्याचा एट्रुस्कन लेख आहे, म्हणजे तो देवस्थानाचा होता आणि चोरट्या खोदकामात तेथून निघाला. १९९९ मध्ये तो इटलीला परत केला गेला. तो परत गेला याचा मला आनंद आहे, पण तो नेमका कोठे आणि कशाबरोबर पडला होता हे त्या चोरीत कायमचे पुसले गेले. हरवलेला हात भरता आला नाही तर मला इतके वाईट वाटत नाही.

इसारकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आव्याची हकिकत मी मुलाला दोनदा वाचून दाखवली. तांबड्यावर तांबडे काढताना चित्रकाराला काळे मनात धरावे लागे, हे त्याला इतके आवडले की त्याने पांढऱ्या कागदावर पांढऱ्या खडूने होडी काढली आणि मग त्यावरून पाण्याचा रंग फिरवला. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत. त्याच दालनांत ग्रीक वीर अकिलीस अ‍ॅमेझॉन राणी पेंथेसिलियाला मारत असल्याचा, ४३ सेंटीमीटर व्यासाचा मोठा प्यालाही आहे. तोही या नजरेने पाहायचा आहे. काचेबाहेरून सांधे आणि भर ओळखण्याची काही युक्ती असेल तर सांगावी.

खापरखूण

समोर उभे राहू नका. पेटीच्या एका बाजूला जा, जेथून दिव्याचा प्रकाश प्याल्यावर घसरून तुमच्याकडे येईल. अथेन्सचा काळा लेप त्या कोनातून पाण्यासारखा चमकतो, अनेकदा किंचित हिरवट झाक दाखवतो, आणि भरीचा काळा तेथे मंद पडतो. रेषा सलग दिसत असेल तर ती सांध्यावरून जाताना किंचित सरकते का ते पाहा. बहुतेक ठिकाणी केसभर सरकते. मग मुलाला खाली बसवा आणि एक्सेकियासच्या प्याल्याच्या पायाची कड पाहायला सांगा. तेथे बारीक ग्रीक अक्षरांत "एक्सेकियासने घडवला" असे लिहिलेले आहे.